भिंतीपलीकडचे माग

खेड्यातून कोणी सोयरा आमच्याकडे बऱ्हाणपुरास मुक्कामाला आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला हाती घेऊन तो एकच प्रश्न विचारतो, आणि तोही काहीसा संकोचत: "तुम्हाला येथे झोप लागते तरी कशी?" पाहुण्याचे डोळे लाल झालेले असतात. रात्रभर तो कूस बदलीत पडून होता हे आम्हाला ठाऊक असते. आमच्या घराच्या उत्तरेकडील भिंतीला लागून सहा यंत्रमाग आहेत, समोरून सडक जाते, आणि वारा तिकडचा असला म्हणजे स्टेशनावरील गाड्यांची शिटी थेट उशाशी येते. या प्रश्नाला आजवर आम्ही "सवय झाली" एवढेच उत्तर देत आलो. परंतु सवय म्हणजे काय, ती कानाला होते की मनाला, आणि तिची किंमत कोणाच्या खात्यावर पडते, याचा विचार करण्याची पाळी गेल्या वर्षी आमच्यावर आली. म्हणून हे चार शब्द.

आम्ही १९८४ साली शिक्षकाची नोकरी धरून या गावी आलो आणि येथेच निवृत्त झालो. तेव्हा स्टेशनापासून गावापर्यंतचे सुमारे तीन किलोमीटर टांग्यातून कापावे लागत, आणि घोड्याच्या टापांवर आपण शहरात आलो आहोत असे मुळीच वाटत नसे. शनवारा दरवाजाजवळ आलो, की मग कळत असे.

बऱ्हाणपूर कोणे एके काळी शांत होते आणि आपण नतद्रष्टांनी ते बिघडविले, असे मानण्यास मात्र इतिहासात आधार नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीच्या काठी हे नगर वसविले आणि सूफी साधू बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. पुढे १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला आणि दख्खनवर नजर ठेवण्याचे मोगलांचे ठाणे येथे पडले. सुरतेहून आग्र्यास जाणारा व्यापारी रस्ता याच गावातून जात असे. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ साली येथे शहजादा परवेजला भेटून गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए त्याच शतकात येथून गेला आणि येथील तलम कापड इराण, तुर्कस्तानापर्यंत जाते असे लिहून ठेवून गेला. १६३१ साली मुमताज महल याच गावी बाळंतपणात वारली. तिचा देह प्रथम तापीपलीकडे जैनाबादेत ठेवला होता आणि काही महिन्यांनी आग्र्यास नेण्यात आला. ज्या गावात फौजेची छावणी, उंटांचे तांडे, हत्तींच्या घंटा, पिंजाऱ्यांची धनुकली आणि हातमागांचा ठोका हे सर्व एकत्र नांदत होते, तेथे रात्री टाचणी पडल्याचा आवाज येत असेल, असे आम्हाला तरी वाटत नाही.

रेल्वे आली ती गेल्याच्या मागच्या शतकात. १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग सलग झाला, त्याच मार्गावर भुसावळ आणि खंडवा यांच्या दरम्यान आमचे स्टेशन आहे. जूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या कादंबरीतील गाडीही बऱ्हाणपुरास थांबते आणि नायकाचा नोकर पासपार्तू येथे खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. ती १८७३ साली पुस्तकरूपाने आली. आमच्या गावाच्या वाट्याला जागतिक साहित्यातील एवढीच एक ओळ आली, आणि तीही सपातांची, असो.

रेल्वेच्या आवाजाशी आमचे कधी वैर झाले नाही. तो येतो, वाढतो आणि निघून जातो. त्याला आरंभ आहे, शेवट आहे, आणि बहुतेक वेळी वेळापत्रकही आहे. आमच्या सासूबाई हयात असताना घड्याळाकडे न पाहता गाडीवरून भाताचे आधण ठेवीत. फाटकाच्या अलीकडे रुळांच्या कडेला एक पिवळी पाटी असते. तिच्यावर शिटी वाजविण्याची खूण लिहिलेली असते, आणि ती दिसताच चालकाने शिटी दिलीच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे ती शिटी गावातील एखाद्या पोराचा किंवा म्हशीचा जीव वाचविण्यासाठी असते. हे एकदा समजले, की कानांचा तिच्यावरील राग जातो. पूर्वीच्या गाडीचा तो "खडक-खट्, खडक-खट्" ताल मात्र आता ऐकू येत नाही. तेरा-तेरा मीटरचे रूळ सांध्यांनी जोडलेले असत आणि प्रत्येक चाक सांध्यावरून जाताना ठोका देई. आता ते रूळ वितळवून जोडतात, त्यामुळे लांबच लांब घरघर तेवढी येते. सुधारणा खरीच, पण आमच्या पिढीला आगगाडीची नक्कल करून नातवंडांना झोपविता येत असे, ते बंद झाले.

सडकेची गोष्ट निराळी. इंदूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याची सारी वर्दळ आमच्या शहराच्या अंगावरून जाते. केळीच्या हंगामात ट्रकांची रांग संपत नाही. कारण केळ हे नाशवंत पीक, ते थांबू शकत नाही, आणि ट्रकवाल्याला उशिराचा दंड बसतो. तो बिचारा भोंग्यावर हात ठेवूनच गाडी हाकतो. ट्रकांच्या पाठीवर भोंगा वाजविण्याची विनंती रंगविण्याची जी रीत आहे, ती महाराष्ट्र सरकारने २०१५ साली आपल्या हद्दीत बंद केली. येथून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. पण ट्रक हद्द ओलांडतो आणि भोंगा त्याच्याबरोबर ओलांडून येतो. दोन पाटी बदलल्याने हात बदलत नाहीत, हे शिक्षकाला वेगळे सांगावयास नको.

आता मागांकडे वळू, कारण खरी गोष्ट तेथे आहे.

उत्तर हिंदुस्थानातून येऊन येथे स्थायिक झालेल्या मोमीन विणकरांची घरे गल्लोगल्ली आहेत. पूर्वी हातमाग होते, मग वीज आली आणि यंत्रमाग आले. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताण्याच्या उभ्या सुतांमधून बाण्याचे आडवे सूत घेऊन जाणारा जो लाकडी धोटा असतो, त्याला एका बाजूने यंत्राचा दांडा फटका मारतो. धोटा तीरासारखा पलीकडे जातो आणि पेटीत आदळून थांबतो. लगेच दुसऱ्या बाजूने फटका. साध्या मागावर हे मिनिटाला सव्वाशे ते दीडशे वेळा घडते. म्हणजे सेकंदाला दोनांहून अधिक फटके, एका मागाचे. सहा मागांचे फटके एकमेकांशी जुळत नाहीत. ते मागेपुढे पडतात, एकमेकांत मिसळतात, आणि भिंतीच्या या बाजूला पत्र्यावर अखंड गारा पडाव्यात तसा नाद येतो.

ध्वनी मोजण्याचे माप डेसिबल. त्यात एक खुबी आहे, ती ध्यानात ठेवावी. दहा डेसिबलांची वाढ झाली तर आवाजाची शक्ती दहा पट होते, वीस वाढले तर शंभर पट. आपण दोघे समोरासमोर बसून बोलतो ते साठाच्या आसपास. मागांच्या खोलीत हे माप शंभराच्या आसपास जाते. म्हणजे आपल्या बोलण्याच्या दहा हजार पट शक्ती विणकराच्या कानावर, आणि तीही बारा-बारा तास. कारखान्यांच्या नियमांत नव्वद डेसिबलांत आठ तास आणि शंभरात केवळ दोन तास, अशी मर्यादा घातलेली आहे. पण ज्या घरात चार-सहा माग आणि बाप-लेक व एखादा गडी एवढेच काम करणारे, त्या घराला कारखान्याचा कायदा गाठीत नाही. तितकी माणसेच तेथे नसतात.

आमच्या शेजाऱ्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो, म्हणून आम्हीही चाचाच म्हणतो. वयाने ते आमच्याएवढेच. चाळीस वर्षांत आमच्या घरी दुःखाचे असे एकही प्रसंग झाले नाहीत की ज्यांत ते पायरीशी येऊन बसले नाहीत. नाताळात आमच्या घरची करंजी त्यांच्याकडे जाते, रमजानात त्यांच्याकडून माव्याची जिलबी आमच्याकडे येते. (ही जिलबी काळीसावळी आणि जाड असते, बाहेरचा मनुष्य प्रथम नाक मुरडतो आणि मग चौथी मागतो.) अशा मनुष्याविरुद्ध कागद करावयाचा म्हणजे काय, हे वाचकांनी मनात आणावे.

कारण कागद करा असे सांगणारे पुष्कळ होते. गेल्या वर्षी आमची धाकटी कन्या बाळंतपणासाठी संगमनेरकडील आपल्या सासरहून माहेरी आली. बाळ झाले, घरी आले, आणि त्याच सुमारास पलीकडे मोठी मागणी आल्याने माग रात्रपाळीतही सुरू झाले. कन्येला झोप नाही. झोप नाही म्हणून अंगावर दूध नाही. दूध नाही म्हणून बाळ रडते, आणि बाळ रडते म्हणून पुन्हा झोप नाही. जावईबापू आले होते, त्यांनी मोबाइलवर आवाज मोजला: मध्यरात्री आमच्या आतल्या खोलीत ५८. मोबाइलचे माप काही प्रमाण नव्हे, पण अंदाज कळतो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ ही मर्यादा आहे. "बाबा, कायदा आपल्या बाजूचा आहे," असे जावई म्हणाले. ते खरेच होते.

"तुम्हाला सवय आहे, तुम्हाला काय त्याचे?" असे कन्या म्हणाली, तेही निम्मे खरे होते. निम्मेच अशासाठी, की या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी असे पाहिले आहे की गोंगाटात वर्षानुवर्षे झोपणारा मनुष्य जागा होत नाही, तरी त्याचे हृदय जागे होते. आवाज वाढला की झोपेतच नाडीची गती वाढते आणि रक्तदाब चढतो. मनाने करार केला असला तरी शरीराने त्यावर सही केलेली नसते. आमच्या रक्तदाबाच्या गोळ्या भिंतीपलीकडून आल्या असे आम्ही म्हणत नाही. पण "मला काही त्रास नाही" असे जे आम्ही ऐटीत सांगत असू, ते सांगणे तेव्हापासून बंद केले.

तक्रारीचा मार्ग आम्ही घेतला नाही, याचे कारण भीड एवढेच नव्हते. २०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा साऱ्या बऱ्हाणपुरातील माग एका रात्रीत थांबले. १९०६ सालची तापी गिरणी थांबली. रेल्वे थांबली, सडक ओस पडली. त्या पहिल्या रात्री आम्हा उभयतांना कितीतरी वर्षांनी रातकिडा ऐकू आला आणि, खोटे कशास बोला, बरे वाटले. तिसऱ्या आठवड्यात भिंतीपलीकडून दुसराच आवाज येऊ लागला: नवरा-बायकोचा, हळू आवाजातला, धान्याचा. माग चालू असताना त्या घरातील शब्द आम्हाला कधीच ऐकू येत नसे. विणकराची मजुरी कापडाच्या मीटरावर ठरते. धोटा थांबला की मजुरी थांबते, त्याला रजा नाही आणि रविवारही नाही. पुढे जून-जुलैत पहिला माग पुन्हा वाजला तेव्हा आमच्या घरातूनच कोणी तरी "चला, लागला एकदाचा!" असे मोठ्याने म्हणाले होते.

ज्याने ते ऐकले आहे त्याला "बंद करा" हा शब्द तोंडातून काढणे कठीण जाते. पण बाळंतिणीला झोप हवी, हेही तितकेच खरे होते. तेव्हा आम्ही स्वतःच भिंतीपलीकडे गेलो.

चाचा मागाजवळ उभे होते. आम्ही बाजूला उभे राहून तीनदा हाक मारली. चौथ्यांदा समोर गेलो, तेव्हा ते हसले आणि आमच्या ओठांकडे पाहू लागले. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. चाळीस वर्षांच्या शेजारात आम्ही हे प्रथमच टिपले, कारण आमच्या गाठी ओसरीवर होत, मागांच्या खोलीत नव्हेत. इंग्लंडातील लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बायका अशाच ओठांवरून बोलत असत. शब्द न उच्चारता तोंडाचे मोठे मोठे आकार करून ती एक भाषाच त्यांनी बसविली होती, आणि गिरणीबाहेरही त्या तशाच बोलत. बऱ्हाणपुरात त्या भाषेला नाव नाही, पण ती आहे.

"मास्टरसाब," चाचा म्हणाले, "माग थांबला तर चूल थांबते. पण घरात बाळंतीण आहे हे मला कळले असते, तर मी आधीच आलो असतो." बाळाचे रडणे त्यांना ऐकू आलेच नव्हते.

तडजोड झाली ती अशी: आमच्या भिंतीला लागून असलेले दोन माग रात्री दहानंतर उभे राहतील आणि पलीकडच्या भिंतीजवळचे चार चालतील. सहाही मागांच्या पायांखाली जाड रबराचे ठोकळे घालावयाचे. कारण आवाज हवेतून जितका येतो, तितकाच जमिनीतून आणि भिंतीतून कंपनाच्या रूपाने येतो. ठोकळ्यांचा निम्मा खर्च आम्ही दिला. चाचांनी तो दोनदा परत केला आणि तिसऱ्यांदा ठेवून घेतला. गल्लीतील एका गृहस्थांनी "त्रास तुम्हाला आणि पैसेही तुम्हीच द्यावयाचे?" असे विचारले. आमचे म्हणणे असे की, रजई विकत घेताना थंडीवर खटला भरावा असे कोणास वाटत नाही. त्यानंतर आतल्या खोलीतील आवाज पन्नासाच्या खाली आला. मर्यादेत नाही आला. पण बाळ झोपले, आणि त्याची आईही.

येथे ही हकीगत संपली असती, तर आम्ही ती लिहिलीच नसती.

गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. जहांगीर बादशहाच्या काळी, १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्यातून गावात आणण्याची योजना झाली. ओळीने विहिरींसारख्या कुंड्या खोदलेल्या आहेत आणि त्या खालून एकमेकींना जोडलेल्या आहेत. पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्याच उतारावर वाहते. एका कुंडीत सुमारे ८० फूट खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसविलेली आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तेथे नेतो. या साऱ्या शहरात खरी शांतता शिल्लक आहे ती जमिनीखाली. तेथे भिंतींवर चुन्याचा पांढरा थर साचलेला, पायाशी थंड पाणी, आणि थेंब पडतो त्याचा ध्वनी बोगद्यात दूरवर जाऊन विरतो. पहिली दोन मिनिटे मनुष्य बोलतो. मग आपोआप गप्प होतो.

नातवाच्या बारशाला आलेले व्याही तेथे नेले, तेव्हा चाचांचा धाकटा मुलगा रिक्षा घेऊन आमच्याबरोबर आला होता. वय १९. दोन-तीन वर्षांपासून तो मागावर उभा राहतो. सगळे खाली उतरलो. सगळे गप्प झाले. तो थोडा वेळ इकडेतिकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "सर, येथे मोटार कोठे बसविली आहे?"

तेथे मोटार नव्हती. कोणतेच यंत्र नव्हते. व्याह्यांना वाटले पोरगा थट्टा करतो आहे. "ही सारखी वाजते आहे ती," तो म्हणाला, आणि कानाकडे बोट नेले. "सूं... अशी."

कान वाजतो म्हणजे काय, हे आम्ही वाचले होते. पण एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून ते अशा शांत जागी ऐकणे निराळे. वर आल्यावर आम्ही त्यास विचारले, तर घरी, बाजारात, मागावर त्याला तो नाद कधी जाणवलाच नव्हता. जाणवणार कसा? भोवती कधी शांतता असती, तर जाणवला असता.

कानाच्या डॉक्टरांकडे बाप-लेक दोघांनाही नेले. चाचा प्रथम तयार नव्हते. "म्हातारपणी सगळ्यांचेच कान जातात" असे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून, कानावर यंत्र लावून, बारीक-मोठे सूर ऐकविले आणि कागदावर आलेख काढला. तो आम्हाला समजावून सांगितला, तो येथे सांगण्याजोगा आहे, कारण पिठाच्या गिरणीवर, भातगिरणीत, दगडखाणीत किंवा ट्रॅक्टरवर दिवस काढणारी माणसे आमच्या वाचकांच्या घरीही असतील.

कानाच्या आत शंखासारखा एक अवयव असतो. त्यात केसांसारख्या सूक्ष्म पेशी ओळीने असतात आणि ध्वनीच्या लाटेने त्या हलतात. मोठ्या आवाजाखाली त्या वाकतात. विश्रांती मिळाली तर काही सावरतात, न मिळाली तर मरतात. एकदा मेलेली पेशी मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाही. गोंगाटाने होणारी हानी बहुधा प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांत दिसते. आलेखात तेथे खड्डा पडतो. त्यामुळे मनुष्याला वाटते की आपणास ऐकू तर येते, पण लोक पुटपुटतात. "स", "श", "फ" ही अक्षरे आधी गळतात. बायकांचा आणि मुलांचा आवाज आधी दुरावतो. चाचांच्या आलेखात तो खड्डा पुढे वाढत जाऊन दरी झाली होती. मुलाच्या आलेखात तो दोन्ही कानांत नुकताच दिसू लागला होता. "बापाचे गेले ते गेले," डॉक्टर म्हणाले, "मुलाचे येथेच थांबविता येईल."

चाचा तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. आजवर त्यांनी आपल्या बहिरेपणाला अल्लाची मर्जी म्हटले होते. मुलाच्या कागदाला ते तसे म्हणेनात.

उपाय अगदी साधा आहे, आणि म्हणूनच कोणी करीत नाही. कापसाचा बोळा घालतात, त्याने फारसे काही होत नाही. स्पंजाचे बोळे मिळतात. बोटांनी चुरून बारीक करावयाचे, कान किंचित वर ओढून आत घालावयाचे, आणि ते फुगेपर्यंत धरून ठेवावयाचे. नीट बसले तर कानाशी पोचणारा आवाज पुष्कळ उतरतो. मुलाने पहिले चार दिवस घातले आणि काढून टाकले. दोस्त हसतात, शिवाय माग बिघडला की त्याचा बदललेला आवाज ऐकू येत नाही, असे त्याने सांगितले. दुसरे कारण खरे आहे. विणकर डोळ्यांपेक्षा कानाने माग चालवितो, तुटलेले सूत त्याला ठोक्यावरून कळते. तेव्हा चाचा त्याच्याजवळ उभे राहू लागले. आठ-दहा दिवसांत बोळ्यांतूनही बिघाड ओळखता येऊ लागला. आता तो घालतो. दोस्तांपैकी एकानेही घालावयास आरंभ केला आहे. उरलेले अजून हसतात.

एक गोष्ट येथे लिहिल्यावाचून राहवत नाही. विणकराचा गोंगाट त्याच्या पोटासाठी आहे, केळीच्या ट्रकाचा भोंगा निदान त्याच्या भाड्यासाठी आहे. पण लग्नाच्या वरातीत खिडक्यांची तावदाने थरथरविणारा तो डीजे कोणाच्या पोटासाठी आहे? सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना मनाई केली. मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांचा पहिला हुकूम निघाला तो धार्मिक व सार्वजनिक जागांवरील ध्वनिवर्धकांबद्दलच. आमच्या शहरात जुन्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. येथील माणसांना एकमेकांच्या प्रार्थनेचे वावडे कधी नव्हते. बांग, आरती, गुरुद्वारातील कीर्तन, देवळाची घंटा ही माणसाच्या गळ्याच्या आणि धातूच्या बेताने आली, तोवर कोणी तक्रार केली नाही. कर्णा लागला आणि चढाओढ लागली. आणि यात आपणही निर्दोष नाही. आमच्या वसईकडील एका आप्तांच्या घरी लग्नास गेलो असता वऱ्हाडातील पाच महिन्यांचे मूल आवाजाने असे दचकत होते, की शेवटी त्याची आजी त्यास घेऊन विहिरीपलीकडच्या वाडीत जाऊन बसली आणि तिच्या वाट्याचे जेवण तेथे पाठवावे लागले. खेड्यात शांतता फुकट मिळते, म्हणून ती उधळण्यास कोणाला काही वाटत नाही, असे आम्हास दिसते.

चाचांना आता श्रवणयंत्र मिळाले आहे. मागांच्या खोलीत जाताना ते काढून कोनाड्यात ठेवावे लागते, नाही तर ते गोंगाटच वाढवून कानात घालते. संध्याकाळी ओसरीवर बसले, की ते लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी ते लावले तेव्हा त्यांच्या घरातल्या नातीने त्यांना हळू आवाजात काही तरी विचारले, आणि त्यांनी तिच्या ओठांकडे न पाहता उत्तर दिले. त्यानंतर त्यांनी तिला तेच पुन्हा पुन्हा विचारावयास लावले.

आमची कन्या सासरी परत गेली. तेथे रात्री इतके सामसूम असते, की पहिले काही दिवस बाळ झोपेना, असे तिने फोनवर सांगितले. शेवटी पंखा मोठा करून ठेवला तेव्हा झोपले. आम्ही ते चाचांना सांगितले. त्यांना फार हसू आले.

मुलाची पुढील तपासणी दिवाळीनंतर ठरली आहे. आलेख खरा यावा, यासाठी तपासणीपूर्वी कानांना चौदा तास तरी गोंगाटापासून विसावा हवा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तो झोपतो ती खोली मागांच्या खोलीला लागूनच आहे. म्हणून आदल्या संध्याकाळपासून सहाही माग उभे ठेवण्याचे चाचांनी कबूल केले आहे. त्या रात्रीची मजुरी बुडेल, ती पुढल्या आठवड्यात दोन जादा फेऱ्यांत भरून काढू म्हणतात. त्या दोन रात्री आमच्या भिंतीकडचे मागही चालतील, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. आम्ही हो म्हटले आहे.